मानकरी भावजींची पिवळी पट्टी

आमच्या भावजींच्या बोलण्याने माणूस झोपतो. ही थट्टा नाही, अनुभव आहे, आणि तो माझ्या एकटीचा नाही. "तर मी काय सांगत होतो," एवढं कानावर पडलं की आमचे हे उशी शोधायला लागतात. एकदा शेजारच्या शिंपीणकाकू माझं माप घ्यायला आल्या होत्या. भावजींनी त्यांना जिन्याच्या दाराची कडी कशी बदलली ते सांगायला घेतलं आणि काकू गळ्यातल्या टेपसकट खुर्चीत कलंडल्या. तासाभराने उठल्या आणि म्हणाल्या, बऱ्याच दिवसांनी इतकी छान झोप लागली. भावजींना वाटलं, बाईंना बरं नसावं. त्यांनी लिंबाचं सरबत करून दिलं.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. वय अठ्ठावन्न, अंगाने सडसडीत, राहायला आमच्याकडेच. लग्न झालं नाही. झालं नाही म्हणजे अगदी होता होता राहिलं. बोलणी करायला आम्ही सगळे गेलो होतो, आणि मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, नोकरीत काम काय असतं? आमच्या भावजींना असं सहज काही विचारू नये. त्यांनी घोड्याच्या अंगावर खरारा कुठून ओढायला घ्यायचा, इथपासून सुरुवात केली. आधी वडील झोपले, मग मामा झोपले, आणि घोड्याच्या मागच्या पायापर्यंत पोचेस्तोवर खुद्द मुलीनेही हनुवटीला हात लावून डोळे मिटले. मी तेव्हा ह्या घरात नवीन होते. हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबून बसले होते. त्या घरून पुन्हा निरोप आला नाही. "त्यांना घोड्यांची आवड नसावी," भावजी म्हणाले.

बरं, बोलणं वाईट असतं असंही नाही. खोटं नाही, फुशारकी नाही, कुणाची निंदा नाही. फक्त ते काही गाळत नाहीत. कडीला चार स्क्रू असतील तर चारही स्क्रू येणार, आणि तिसरा जरा वाकडा असेल तर तो कुठे वाकला, कुणाच्या हातून वाकला, त्या माणसाची तब्येत तेव्हा कशी होती, हेही येणार. आवाज बारीक, एका पट्टीतला, चढ नाही की उतार नाही. पस्तीस वर्षांत त्यांची एकही गोष्ट मी शेवटापर्यंत ऐकलेली नाही. उगाच कशाला खोटं बोलू?

आम्ही दोघंही घोड्यांच्या दवाखान्यात कामाला. मी औषधांच्या खोलीत, जाळीच्या खिडकीमागे. ते पागेत मोतद्दार, म्हणजे घोड्यांचं दाणापाणी, साफसफाई, धरणं-सोडणं सगळं त्यांच्याकडे. सकाळी दोघांचे डबे मीच भरते. चालत जायला वीस मिनिटं लागतात, आणि त्या वीस मिनिटांत ते बोलतात. चालता चालता झोपता येत नाही, हे माझं दुर्दैव.

त्यांना मानकरी हे नाव पडलं ते ह्या वर्षी. त्याचं असं झालं की आमच्याकडच्या डॉक्टरीणबाईंनी एक अभ्यास काढला. बाई तरुण, चुणचुणीत, एका श्वासात तीन वाक्यं बोलणाऱ्या. घोड्याचा दात घासायचा असो की जखम शिवायची असो, दरवेळी त्या धुडाला आडवं पाडणं परवडत नाही. उभ्या उभ्याच गुंगी देतात. गुंगीची औषधं तीन. त्यांतलं कुठलं लवकर चढतं, कुठलं जास्त वेळ टिकतं, कुठल्याने घोडा झोकांड्या कमी खातो, हे बाईंना शेजारी शेजारी ठेवून बघायचं होतं.

आता गुंगी किती आली हे घोडा तोंडाने थोडंच सांगतो? त्याची मान सांगते. जागा घोडा मान वर ठेवतो. गुंगी चढली की मान खाली खाली येते, खालचा ओठ लोंबायला लागतो. म्हणून हनुवटीपासून जमिनीपर्यंत एक खुणांची काठी उभी धरायची आणि आकडा वाचायचा. सुई टोचायच्या आधी एकदा आणि मग दर पंधरा मिनिटांनी, असं दीड तास. काठी धरायचं काम भावजींकडे आलं. "मान किती?" बाई ओरडायच्या. "एकशे अठरा!" भावजी ओरडायचे. फाटकावरच्या पहारेकऱ्याने दोन दिवस हे ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांना वाकून म्हणाला, "या मानकरी, या." भावजींना ते नाव फार आवडलं. घरी येऊन ते नाव कसं पडलं हे सांगितलं. आम्ही झोपलो.

सुया भरायचं काम माझं. प्रत्येक सुईवर एक रंगीत चिकटपट्टी. लाल, निळी, हिरवी ही तीन औषधं, आणि पांढरी म्हणजे नुसतं मिठाचं पाणी. पाणी कशाला, तर सुई टोचल्याच्या धसक्यानेच घोडा गप्प होतो की काय, ते कळायला. कुठल्या रंगात काय आहे हे मला आणि माझ्या कुलुपातल्या वहीला ठाऊक. बाईंनासुद्धा नाही, भावजींना तर नाहीच. माहीत असलं की नजर आपल्याला हवा तो आकडा वाचते, असं बाई म्हणायच्या. मी तीन महिने तोंडाला कुलूप लावून बसले. माझ्यासारखीला हे किती जड गेलं असेल, ते ज्यांनी मला पाहिलंय त्यांना विचारा.

घोडे सहा. पाच जणांचं सकाळी व्हायचं, तेव्हा बाई स्वतः हजर असत. सहावी घोडी जेवणानंतर, कारण ती सकाळी कुणाला जवळ येऊ देत नसे. ही उंच, करड्या रंगाची घोडी ह्याच वर्षी आली होती. तिचं नाव मी ठेवलं, सासूबाई. ती तुमच्याकडे अशी बघायची की कोपऱ्यातला केर राहिला की काय, असं आपल्यालाच वाटावं. नालबंदाची टोपी तिने पहिल्याच दिवशी चावून टाकली होती. तर ह्या सासूबाईंच्या वेळेला बाईंचा तास असे, त्या सुई टोचून शिकवायला पळायच्या. मग मागे उरायचे भावजी, पालथ्या बादलीवर, सासूबाईंच्या हनुवटीखाली, काठी धरून. दीड तास. तिथून हलायचं नाही अशी सूचना होती, आणि भावजींना सूचना दिली की ती दगडावरची रेघ.

दुसऱ्या का तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. घरी परत जाताना भावजी एकदम थांबले. चेहरा असा फुलला होता की मला वाटलं बढतीच मिळाली.

"वहिनी, सासूबाई ऐकतात."

"म्हणजे काय करतात?"

"मी बोलतो ना, तर मान खाली घालून ऐकतात. तोंड अगदी इथपर्यंत आणतात. आज मी त्यांना कडीचं सांगितलं. पूर्ण."

"पूर्ण?"

"चौथ्या स्क्रूपर्यंत," भावजी म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले हो! अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाचे डोळे, एका कडीवरून.

मी काय करावं? मी म्हटलं, "अहो भावजी, तिला गुंगीचं औषध दिलेलं असतं. तिला बँडबाजा लावला तरी ती मान खालीच घालेल."

"आज काय दिलं होतं ते मला कुठे माहीत?" ते म्हणाले. "ते तुम्हाला माहीत."

मला माहीत होतं. त्या दिवशी सासूबाईंना पांढरी पट्टी होती. नुसतं पाणी. पण तोंडाला कुलूप! मी गप्प बसले आणि मनात म्हटलं, भावजींना भास झाला असेल. त्या दिवसापासून मात्र ते जेवण झालं की घड्याळाकडे बघायचे, केस विंचरायचे आणि पागेत जायचे. रोज सासूबाईंची पाळी नसे, पण ज्या दिवशी असे त्या दिवशी ते आदल्या दिवसापासून ठरवायचे, काय सांगायचं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी शेवटापर्यंत ऐकणारं भेटलं होतं. घोडी का असेना.

तीन महिन्यांनी बाईंनी माझ्याकडून वही घेतली आणि रंग उलगडले. अर्ध्या तासात त्या माझ्या जाळीशी हजर. चेहरा लाल.

"ताई, पांढरी पट्टी म्हणजे पाणी ना?"

"पाणी."

"मग सासूबाईंची मान पाण्यावर अठ्ठेचाळीसपर्यंत कशी आली? एकदा नाही, तिन्ही वेळा! लाल पट्टीवर पंचेचाळीस आहे. बाकी पाच घोडे पाण्यावर एकशे पंधराच्या खाली आले नाहीत. तुमच्या पट्ट्या अदलाबदल झाल्यात."

माझ्या पट्ट्या! बावीस वर्षं झाली मला त्या खिडकीत, एक गोळी इकडची तिकडे नाही. मी म्हटलं, "बाई, पट्ट्यांना बोट लावायचं काम नाही. एकदा माझं कपाट बघा आणि मग बोला."

"मग मानकरीकाकांनी आकडे चुकीचे लिहिले."

हे तर त्याहून वर. भावजी आणि चुकीचा आकडा! त्यांना मीठ किती घातलं विचारलं तर चिमटीतले दाणे मोजतील. मी तशीच खिडकी बंद केली आणि बाईंना घेऊन पागेत गेले. म्हटलं, आत्ता सगळ्यांसमोर पाणी टोचा आणि मोजा. होऊ दे सोक्षमोक्ष.

पाणी टोचलं. भावजी बादलीवर बसले, काठी धरली. आम्ही समोर उभ्या. पहारेकरी आला, झाडूवाली मावशी आली, नालबंद लांबून टोपी सांभाळत आला. वीस मिनिटं झाली, सासूबाईंची मान एकशे अठरावरच, आणि नजर आमच्यावर. बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं.

माझा तोल गेला. "भावजी, असे काय पुतळ्यासारखे बसलात! रोज करता ते करा ना!"

"मी काहीच करत नाही," भावजी घाबरून म्हणाले. "मी फक्त बोलतो."

"मग बोला!"

ते लाजले. इतकी माणसं ऐकायला उभी, हा प्रसंग त्यांच्यावर कधी आलाच नव्हता. मग खाली बघून हळूच म्हणाले, "तर मी काय सांगत होतो..." आणि शप्पथ सांगते, मान खाली यायला लागली. शंभर. ऐंशी. साठ. खालचा ओठ लोंबला. पहारेकरी खांबाला टेकला. बाई डोळे विस्फारून बघत होत्या, आणि एकदम टाळी वाजवून ओरडल्या, "अहो काका, तुम्ही स्वतःच गुंगीचं औषध आहात!"

पागा हसली. मीही हसले. माझ्या पट्ट्या निर्दोष सुटल्या होत्या, त्यामुळे मला चेवच चढला होता. खिशात पट्ट्यांची गुंडाळी होतीच, त्यातली पिवळी मी फाडली आणि भावजींच्या सदऱ्याच्या खिशावर चिकटवली. म्हटलं, "लाल, निळी, हिरवी, पांढरी, आणि ही पाचवी!" मग काय विचारता. दुसऱ्या दिवसापासून जो तो त्यांना थांबवून म्हणायचा, "मानकरी, आज जरा दोन थेंब द्या, पाठ दुखतेय." भावजीही हसायचे. बाईंनी मात्र कपाळावर हात मारला, कारण सासूबाईंचे सगळे आकडे आता बाद. कुठे औषध संपलं आणि कुठे भावजी सुरू झाले, कोण सांगणार?

त्या दिवशी घरी परत जाताना ते वीस मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. घराची पायरी चढताना थांबले, खिशावरची पट्टी अलगद काढली, आणि म्हणाले, "म्हणजे वहिनी, तीही झोपायचीच."

बस्स, एवढंच. मला कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

त्यानंतर भावजी बोलायचे थांबले. हो, नाही, डबा भरला का, संपलं. आठ दिवस. तुम्हाला वाटेल, सुटलो. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं. पण तिसऱ्या दिवशी आमचे हे रात्री उठून बसले आणि म्हणाले, "त्याला बोलायला सांग ना गं. मला झोप येत नाहीये." मी म्हटलं, तुमचं आपलं झोपेवरच. पण घर खायला उठलं होतं, हे खरं.

नवव्या दिवशी मला कळलं की त्यांनी बाईंकडे अर्ज दिलाय. मला पागेतून काढून चाऱ्याच्या कोठारात टाका. मी विचारलं, "अहो, तिथे काय आहे?"

"पोती आहेत," ते म्हणाले. "पोत्यांशी कुणी बोलत नाही."

छत्तीस वर्षं पागेत काढलेला माणूस, आणि मी एक पट्टी चिकटवून त्याला कोठारात पाठवला. माझीच मला इतकी चीड आली की त्या दिवशी खिडकीवर आलेल्या चार जणांना मी विनाकारण फाडून खाल्लं. मग दुपारी दार लावून सासूबाईंचे सगळे तक्ते काढून बसले. काय शोधत होते मला माहीत नव्हतं. काहीतरी शोधत होते.

तक्त्यात मानेचा रकाना होता, झोकांड्यांचा होता, आणि एक रकाना कानांचा होता. गुंगीत घोड्याचे कानही सैल पडतात, म्हणून. बाकीच्या घोड्यांचे कान बाईंनी नोंदवले होते. सासूबाईंच्या तक्त्यावर त्या रकान्यात भावजींच्या गोल, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, "कान दिसत नाहीत. मी खाली बसतो." दर पंधरा मिनिटांनी. बारा आठवडे. मी मोजलं, चौऱ्याऐंशी वेळा. एकदाही अंदाजाने काही ठोकून दिलेलं नाही. आणि त्या दिवशी आम्ही सगळे समोर उभे होतो, तर आमची नजर काठीवर! कान कुणी पाहिलेच नव्हते.

तक्ते काखेत मारले आणि बाईंच्या खोलीत गेले. "बाई, मान खाली गेली म्हणजे झोप लागली, हे कुठे लिहिलंय? मी भाजी निवडतानाही मान खाली घालते. तुम्ही कान बघितलेत?"

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. तक्ता हातात घेतला. चौऱ्याऐंशी वेळा तेच वाक्य वाचून त्यांना आधी हसू आलं आणि मग त्या ओशाळल्या. "कॅमेरा लावू," त्या म्हणाल्या. "वरून. तुळईला. कान स्पष्ट दिसतील असा."

भावजी तयार होईनात. "कशाला पुन्हा, वहिनी? हसलात ना एकदा." शेवटी बाईंनीच सांगितलं की काका, हे शेवटचं मोजमाप, हे झालं की मी अर्जावर सही करते. काम म्हटल्यावर ते आले. बादलीवर बसले. बाई स्टुलावर, हातात तक्ता आणि लेखणी, शेजारी एक पत्र्याचा डबा. साठाव्या मिनिटाला तो वाजवून घोडी दचकते का बघायचं होतं. मी गवताच्या गठ्ठ्यावर. झोपायचं नाही असं मी स्वतःला बजावलं होतं आणि तोंडात लवंग धरली होती. बाई दोन कप कॉफी पिऊन आल्या होत्या.

पाणी टोचलं. भावजींनी काठी सरळ केली. मग त्याच बारीक आवाजात सुरू झाले. पागेतल्या नळाचा वायसर कसा बदलला, त्याची हकीकत. जुना वायसर काळा होता. नवा आणायला गेले तर दुकानदाराकडे दोन मापं होती. पंधरा मिनिटांनी मान सत्तर. तीस मिनिटांनी एकोणपन्नास. पंचेचाळिसाव्या मिनिटाचा आकडा तक्त्यावर नाही.

सुटीची घंटा झाली तेव्हा मी दचकून उठले. लवंग गालाला चिकटली होती. बाईंची लेखणी तक्त्यावरून घसरत पार कागदाबाहेर गेली होती. भावजी बादलीवर, काठी सरळ धरून, जमिनीकडे बघत.

"झालं का मोजून?" त्यांनी सभ्यपणे विचारलं.

"हो, हो," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी आम्हाला खोलीत बोलावलं. टेबलावर भावजींचा अर्ज होता, त्याच्या शेजारी संगणक. बाईंनी आदल्या दिवशीच सगळं पाहून घेतलं होतं. आधी त्यांनी दुसऱ्याच एका घोड्याचा तुकडा लावला, खरं औषध दिलेल्या. मान खाली, आणि दोन्ही कान बाजूंना पडलेले, ओलं फडकं पडावं तसे. "ही गुंगी," बाई म्हणाल्या. मग कालचं लावलं.

वरून सासूबाईंचं डोकं दिसत होतं, आणि त्याखाली भावजींचा विरळ भांग. मान तेवढीच खाली. ओठ तसाच लोंबलेला. पण डावा कान सरळ भावजींकडे वळलेला होता. भावजी काठी नीट धरायला उजवीकडे झुकले, तर डावा सैल झाला आणि उजवा त्यांच्याकडे वळला. परत मागे झाले, पुन्हा डावा. एका जागी भावजी श्वास घ्यायला थांबले, दुकानदाराने चुकीचा वायसर बांधून दिला तिथे, तर दोन्ही कान पुढे येऊन टवकारले. भावजी पुढचं वाक्य बोलले तेव्हा एक सैल झाला, दुसरा त्यांच्याकडेच राहिला.

चित्राच्या कोपऱ्यात मी होते. तोंड उघडं टाकून, गठ्ठ्यावर आडवी. बाईंचं डोकं तक्त्यावर टेकलेलं. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला बाईंचा कोपर डब्याला लागला आणि डबा फरशीवर दणाणत गेला. बाई हलल्या नाहीत. मी हलले नाही. सासूबाईंनी एक कान तिकडे नेला, दुसरा भावजींवरच ठेवला, आणि लगेच पहिलाही परत आणला.

"ही झोपलेली नाही, काका," बाई म्हणाल्या. "झोपलेल्या आम्ही दोघी."

भावजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पडद्याजवळ गेले. बोट लावायला नको म्हणून हात मागे धरले. "हा कान... माझ्याकडे?"

"तुमच्याकडेच."

"सगळा वेळ?"

"घंटा होईपर्यंत."

ते नुसते बघत राहिले. मला रडू आलं. आलं तर आलं, मी काय कुणाला घाबरते? म्हटलं, "भावजी, माझं चुकलं." त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी टेबलावरचा अर्ज उचलला, घडी घातली, पुन्हा घडी घातली, खिशात ठेवला, आणि दाराकडे निघाले.

"अहो, कुठे चाललात? अजून अर्धं बघायचं राहिलंय!"

"काल मध्येच घंटा झाली," भावजी म्हणाले. "वायसरचं अर्धवटच राहिलं. ती वाट बघत असेल."